शरावतीचा उदंचन प्रकल्प : वीज आराखड्यात वन्यजीवांची नोंद उशिरा

बेंगळुरू : शरावती खोऱ्यातील २,००० मेगावॉट क्षमतेच्या प्रस्तावित उदंचन जलविद्युत प्रकल्पाबाबत २०२५ मध्ये केंद्राच्या यंत्रणांकडून दोन भिन्न संकेत मिळाले. जून महिन्यात राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने प्रकल्पास तत्त्वतः मान्यता दिली. त्यानंतर केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या बेंगळुरू येथील प्रादेशिक कार्यालयाने प्रत्यक्ष पाहणी करून वनजमीन देण्याबाबत प्रतिकूल अभिप्राय नोंदवला आणि वर्षाच्या उत्तरार्धात वन सल्लागार समितीने निर्णय लांबणीवर टाकला. त्याआधी सप्टेंबरमध्ये झालेल्या जनसुनावण्यांत स्थानिकांनी तीव्र विरोध व्यक्त केला होता.

हा वाद सहसा ‘वीज हवी की वानर’ अशा शब्दांत मांडला जातो. प्रकल्पस्थळ सिंहपुच्छ वानराच्या अभयारण्यात असल्याने ही मांडणी सोपी वाटते. मात्र तिच्यामुळे अधिक महत्त्वाचा प्रश्न झाकला जातो. विजेची गरज, तिचे स्रोत आणि प्रकल्पाची जागा निश्चित होत असताना मासे व वन्यजीव यांचा विचार होतो का, की सर्व काही ठरल्यावर केवळ मंजुरीच्या टप्प्यावर त्यांची दखल घेतली जाते? शरावतीच्या अनुभवावरून दुसरीच गोष्ट घडत असल्याचे दिसते.

गरज खरी आहे

बेंगळुरूमधील रेसकोर्स परिसरात कर्नाटक वीज महामंडळाचे मुख्यालय ‘शक्ती भवन’ आहे. त्याच परिसरात दक्षिण विभागीय वीज समिती व विभागीय भार प्रेषण केंद्र आहे. कर्नाटक, तमिळनाडू, केरळ, आंध्र प्रदेश, तेलंगणा आणि पुदुच्चेरी यांच्या विजेच्या देवाणघेवाणीवर येथून अहोरात्र लक्ष ठेवले जाते. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी कार्यान्वित झाली आणि दक्षिणेचे वीजजाळे उर्वरित देशाशी एका लयीत जोडले गेले. तेव्हापासून कर्नाटकातील वीजनियोजन हा केवळ कर्नाटकाचा विषय राहिलेला नाही.

गेल्या दशकात या जाळ्याचे स्वरूप पालटले. तुमकुरू जिल्ह्यातील पावगड येथील २,०५० मेगावॉटच्या सौर उद्यानासारखे प्रकल्प उभे राहिले, पवनऊर्जाही वाढली. परिणामी दुपारी वीज मुबलक आणि सूर्यास्तानंतर टंचाई, अशी नवी अडचण निर्माण झाली. २०२३ मध्ये पावसाने ओढ दिली, जलाशय रिकामे राहिले आणि राज्याला बाहेरून वीज घ्यावी लागली. राज्याची कमाल मागणी आता १७ हजार मेगावॉटच्या पुढे गेली आहे. दुपारची वीज साठवून संध्याकाळी वापरण्याची सोय करणे ही नियोजनकारांची खरी निकड आहे.

उदंचन प्रकल्प ही सोय पुरवतो. दुपारच्या अतिरिक्त विजेवर पंप चालवून खालच्या जलाशयातील पाणी वरच्या जलाशयात चढवले जाते. संध्याकाळी तेच पाणी खाली सोडून वीज निर्माण केली जाते. वर चढवण्यासाठी खर्च झालेल्या विजेपैकी साधारण तीन चतुर्थांश ते चार पंचमांश वीज परत मिळते. म्हणजेच हा प्रकल्प नवी वीज निर्माण करत नाही, तर तिची वेळ बदलतो. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने अशा प्रकल्पांना चालना देणारी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि पश्चिम घाटातील उंच उतारांकडे देशभरातील वीज कंपन्यांचे लक्ष वळले.

शरावतीवर तलकळले हा वरचा आणि गेरुसोप्पा हा खालचा जलाशय आधीपासूनच आहे. त्यामुळे नवे धरण नाही, नवे बुडीत क्षेत्र नाही आणि वीजगृह भूमिगत राहील, असा महामंडळाचा युक्तिवाद आहे. नव्या जलाशयाशी तुलना करता त्यात निश्चितच तथ्य आहे. मात्र बोगदे, पोचरस्ते, खोदकामातील दगडमातीचे ढीग आणि पारेषण वाहिन्या यांना जागा लागतेच. प्रकल्पासाठी सुमारे ५४ हेक्टर वनजमीन मागण्यात आली असून हजारो झाडे तोडावी लागणार आहेत.

नदीने आधीच काय दिले

तीर्थहळ्ळी तालुक्यातील अंबुतीर्थ येथे उगम पावणारी शरावती जोग येथे सुमारे २५३ मीटर खाली कोसळते आणि होन्नावरजवळ अरबी समुद्राला मिळते. जोगच्या पायथ्याचे महात्मा गांधी जलविद्युत केंद्र १९४० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले. १९६४ मध्ये लिंगनमक्की धरण पूर्ण झाले. त्यावर आधारित शरावती वीजगृहाची क्षमता १,०३५ मेगावॉट आहे. पुढे गेरुसोप्पा येथे २४० मेगावॉटचे केंद्र उभे राहिले. अनेक दशके कर्नाटकातील घरे आणि कारखाने या नदीच्या स्वस्त विजेवर चालले. लिंगनमक्कीच्या जलाशयासाठी गाव सोडलेल्या कुटुंबांच्या जमिनीच्या हक्काचा प्रश्न मात्र साठ वर्षांनंतरही शिवमोग्ग्याच्या राजकारणातून हटलेला नाही.

नदीने मोजलेली किंमत खाडीत दिसते. नैसर्गिक अवस्थेत पावसाळ्यानंतर शरावतीचा प्रवाह ओसरत असे आणि भरतीचे खारे पाणी खाडीत आतवर शिरत असे. वीजगृहांतून वर्षभर सोडल्या जाणाऱ्या अवजलामुळे हे चक्र बिघडले. भारतीय विज्ञान संस्थेतील पर्यावरण संशोधकांनी शरावतीच्या खाडीची तुलना शेजारच्या अघनाशिनीच्या खाडीशी केली. अघनाशिनीवर धरण नाही. शरावतीच्या खाडीत खारटपणा घटल्याचे, तसेच माशांच्या प्रजाती आणि खाण्याचे शिंपले अघनाशिनीच्या मानाने कमी असल्याचे या अभ्यासांत आढळले. जानेवारी २०२४ मध्ये अघनाशिनीची खाडी रामसर पाणथळांच्या जागतिक यादीत समाविष्ट झाली. दोन्ही नद्या एकाच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर समुद्राला मिळतात, दोहोंवर पाऊस सारखाच पडतो. फरक आहे तो वीजगृहांचा. तरीही शरावतीच्या विजेच्या हिशेबात होन्नावरच्या मच्छीमाराचे घटलेले उत्पन्न कधी मांडले गेले नाही.

महाराष्ट्राच्या वाचकांना हे चित्र अपरिचित नाही. कोयना प्रकल्पासाठी कृष्णा खोऱ्यातील ६७.५ टीएमसी पाणी दरवर्षी पश्चिमेकडे वळवण्याची तरतूद आहे. वीजनिर्मितीनंतरचे अवजल वाशिष्ठी नदीतून दाभोळच्या खाडीकडे जाते. त्या पाण्याच्या वापराच्या अनेक योजना मांडल्या गेल्या, पण नदीतील व खाडीतील जीवसृष्टीला कोणत्या महिन्यात किती पाणी मानवते, हा प्रश्न वीजनियोजनाच्या बैठकीत क्वचितच उपस्थित होतो.

शेंड्यांवर जगणारा प्राणी

१९७२ मध्ये घोषित झालेल्या शरावती खोरे अभयारण्याचा २०१९ मध्ये विस्तार करण्यात आला. अघनाशिनी संवर्धन राखीव क्षेत्र व लगतची राखीव वने त्यात जोडण्यात आली, क्षेत्र सुमारे ९३० चौरस किलोमीटर झाले आणि अभयारण्याला सिंहपुच्छ वानराचे नाव देण्यात आले. केवळ पश्चिम घाटात आढळणारा हा प्राणी संकटग्रस्त मानला जातो आणि वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याला सर्वोच्च संरक्षण आहे. शिरसी–होन्नावर परिसरातील त्याची वस्ती ही या प्रजातीच्या विस्ताराची उत्तर सीमा समजली जाते. याच टापूत कत्तलेकान येथे रानजायफळाच्या प्राचीन दलदली आहेत.

हे वानर क्वचितच जमिनीवर उतरते. फळे, कीटक, निवारा आणि संचार यांसाठी ते झाडांच्या सलग शेंड्यांवर अवलंबून असते. त्यामुळे त्याच्या बाबतीत तोडलेल्या झाडांची संख्या किंवा हेक्टरचा आकडा पुरेसा ठरत नाही. दाट जंगलातून गेलेला अरुंद रस्ताही शेंड्यांची साखळी तोडून एका कळपाचे दोन भाग करू शकतो. भरपाई म्हणून अन्यत्र लावलेली रोपे शेंड्यांचे छत तयार करण्यास कित्येक दशके घेतात.

भारतीय पर्यावरण चळवळीच्या इतिहासात या प्राण्याला विशेष स्थान आहे. केरळातील सायलेंट व्हॅलीचा जलविद्युत प्रकल्प १९८० च्या दशकाच्या प्रारंभी सोडून देण्यात आला, तेव्हा त्या वर्षावनातील सिंहपुच्छ वानर हा चर्चेचा केंद्रबिंदू होता. त्या प्रकल्पाच्या फेरविचारासाठी नेमलेल्या समितीत बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील माधव गाडगीळ होते. पुढे त्यांच्याच अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ गटाने २०११ मध्ये कर्नाटकातील गुंड्या आणि केरळातील अतिरप्पिळ्ळी या जलविद्युत प्रकल्पांना परवानगी देऊ नये, अशी शिफारस केली. संवेदनशील प्रदेश आधी निश्चित करावेत आणि विकासाची आखणी त्यांच्या सभोवती व्हावी, हे त्या अहवालाचे सूत्र होते. तो अहवाल बाजूला पडला. त्यानंतरचा कस्तुरीरंगन समितीचा तुलनेने सौम्य अहवालही सप्टेंबर २०२४ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने नाकारला. कोठे बांधू नये याचा सर्वमान्य नकाशा नसल्याने प्रत्येक प्रकल्पाचा वाद पुन्हा शून्यापासून सुरू होतो.

कायद्याची भाषा मात्र स्पष्ट आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २९ नुसार अभयारण्यातील अधिवास नष्ट करणे किंवा पाण्याचा प्रवाह वळवणे, थांबवणे वा वाढवणे यास बंदी आहे. वन्यजीवांच्या सुधारणेसाठी व अधिक चांगल्या व्यवस्थापनासाठी ते आवश्यक असेल, तरच परवानगी देता येते. साठवलेली सौरवीज देशहिताची असली, तरी ती वानरांच्या व्यवस्थापनासाठी आवश्यक कशी, याचे उत्तर देणे कठीण आहे. म्हणूनच मंजुरीच्या टप्प्यावर अटींची यादी लांबत जाते.

लोणावळ्याचा मासा, कावेरीचा धडा

अटी घालून नुकसान भरून निघते, हे गृहीतक माशांच्या बाबतीत विशेष तपासून पाहण्याजोगे आहे. बेंगळुरूला १९०५ मध्ये वीज मिळाली ती कावेरीवरील शिवनसमुद्र केंद्रातून. त्याच कावेरीत कुबड असलेला महासीर हा जगातील मोठ्या महासीरांपैकी एक मासा राहतो. धरणांनी नदीचे तुकडे केले, सुरुंग लावून मासेमारी झाली, वाळू उपसली गेली आणि मासे घटले. त्यावर उपाय म्हणून कृत्रिम पैदाशीचे मत्स्यबीज नदीत सोडण्यात आले.

हे बीज लोणावळ्याचे होते. टाटा समूहाच्या जलविद्युत तलावांच्या परिसरात १९७० च्या दशकापासून महासीरची पैदास होत आली आहे. तेथे वाढवला जाणारा निळसर परांचा महासीर हा दख्खनचा मासा. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळच्या नदीतील नमुन्यावरून त्याचे शास्त्रीय वर्णन केले होते. या प्रयत्नामुळे ती प्रजाती टिकून राहिली, हे श्रेय मोठे आहे. परंतु हेच बीज कावेरीत सोडल्यावर पाहुणा मासा फोफावला आणि मूळचा महासीर दिसेनासा होत गेला, असे संशोधकांना आढळले. २०१८ मध्ये मूळ माशाची शास्त्रीय ओळख निश्चित झाली आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ ठरवले. कावेरीतील माशाचे नेमके शास्त्रीय नाव निश्चित होण्याआधीच त्याच्या जागी दुसरा मासा सोडून झाला होता.

शरावतीतही अशा प्रजाती आहेत. भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांचा सहभाग असलेल्या अभ्यासातून २००६ मध्ये या खोऱ्यातील ओढ्यांत राहणाऱ्या दोन लहान माशांची नोंद विज्ञानासाठी नव्याने झाली. त्यांपैकी एकाला शरावतीचे नाव मिळाले. लिंगनमक्की धरणानंतर चार दशकांनी ही ओळख पटली. धरणाआधी नदीत काय होते, याचा हिशेब आता लागणे शक्य नाही. उदंचन प्रकल्पामुळे गेरुसोप्पाखालच्या प्रवाहाचे वेळापत्रक बदलेल का, बदलल्यास खाडीवर कोणता परिणाम होईल, हे प्रश्न म्हणूनच काम सुरू होण्यापूर्वी सुटायला हवेत.

कोलंबिया नदीचा प्रयोग

वीज आणि मासे यांचा विचार एकाच टेबलावर करण्याचा सर्वांत मोठा प्रयोग अमेरिकेच्या वायव्य भागात झाला. कोलंबिया नदीवरील धरणांमुळे तेथील सॅमन माशांचे समुद्रातून उगमाकडे जाणारे मार्ग अडले. १९८० मध्ये अमेरिकी संसदेने कायदा करून आयडाहो, माँटाना, ओरेगन आणि वॉशिंग्टन या चार राज्यांची संयुक्त परिषद निर्माण केली. प्रत्येक राज्याचे दोन सदस्य असलेली ही परिषद पुढील वीस वर्षांचा विभागीय वीज आराखडा तयार करते. त्याचबरोबर मासे व वन्यजीवांसाठीचा कार्यक्रमही तिलाच आखावा लागतो.

या कायद्यातील दोन तरतुदी महत्त्वाच्या आहेत. वीज आराखड्याचा आढावा घेण्यापूर्वी परिषदेला मूळनिवासी जमाती आणि मत्स्य विभागांकडून शिफारशी मागवाव्या लागतात. म्हणजे माशांची गरज आधी नोंदवली जाते आणि ती पूर्ण करताना किती वीज कमी मिळेल, हे धरून आराखडा बनतो. दुसरे, नवे स्रोत निवडताना वीजबचतीला प्रथम प्राधान्य आहे. चार दशकांत जलविद्युतीच्या खालोखाल वीजबचत हा त्या विभागाचा सर्वांत मोठा स्रोत ठरला आहे.

हा प्रयोग पूर्णतः यशस्वी झाला असे म्हणता येत नाही. वर्षाला ५० लाख सॅमन व स्टीलहेड परत यावेत, हे उद्दिष्ट अद्याप साध्य झालेले नाही. धरणांपूर्वी ही संख्या एक कोटीहून अधिक असल्याचा अंदाज आहे. २०२३ मध्ये जमाती व राज्यांशी झालेला समझोता २०२५ मध्ये नव्या प्रशासनाने मोडीत काढला. तरीही तेथे अपयश मोजता येते, कारण उद्दिष्ट लिखित आहे. शरावतीसाठी असे कोणतेही लिखित उद्दिष्ट नाही, त्यामुळे तेथील अपयशाची नोंदही होत नाही.

जागा कोठे आहे

भारतात यासाठी नवी परिषद लगेच स्थापन करावी लागेल असे नाही. वीज मंत्रालयाच्या जून २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार वितरण कंपन्या व राज्यांना पुढील दहा वर्षांची गरज व स्रोत यांचा आराखडा दरवर्षी तयार करायचा आहे. वन्यजीवांची नोंद याच आराखड्यात होऊ शकते. किती साठवण हवी हे ठरवतानाच ती अभयारण्याबाहेर कोठे शक्य आहे, बॅटरी साठवणुकीचा वाटा किती असावा, कृषिपंपांची मागणी दुपारकडे वळवून संध्याकाळचा भार किती हलका करता येईल, याची तुलना तेथे मांडता येईल. अलीकडच्या निविदांत बॅटरीचे दर वेगाने खाली आले आहेत. बॅटरीलाही मर्यादा आहेत. तिचे आयुष्य कमी असते, तर उदंचन प्रकल्प अनेक दशके चालतो. पण तुलना प्रकाशित झाली, तरच त्यातील कोणती गोष्ट वजनदार हे लोकांना कळेल.

दुसरी दुरुस्ती कायद्यात करता येईल. वीज कायदा २००३ च्या कलम ८ नुसार जलविद्युत प्रकल्पाला संमती देताना केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने पिण्याचे पाणी, सिंचन, जलवाहतूक, पूरनियंत्रण ‘व अन्य सार्वजनिक प्रयोजने’ यांचा विचार करावयाचा असतो. या यादीत मासे व वन्यजीव यांचा नामोल्लेख नाही. तो झाल्यास खाडीचा प्रश्न अटींच्या परिशिष्टातून मूळ निर्णयात येईल.

वेळेवर प्रश्न विचारला तर पर्याय सापडतो, याचे उदाहरण गोव्याच्या सीमेवर आहे. कर्नाटकातील नरेंद्र येथून गोव्यातील शेल्डेपर्यंतच्या ४०० किलोव्होल्ट वाहिनीसाठी मोले परिसरातील अभयारण्यातून नवा पट्टा काढण्याची योजना होती. सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकार समितीने २०२१ मध्ये आधीपासून असलेल्या वीजवाहिनीच्या पट्ट्याचाच वापर करावा, असे सुचवले. तोच पर्याय नियोजनाच्या पहिल्या दिवशी नकाशावर असता, तर आंदोलन, याचिका आणि वाया गेलेला काळ यांतील बराच भाग टळला असता.

महाराष्ट्रासाठी हा मुद्दा दूरचा नाही. टाटा पॉवरने २०२३ मध्ये राज्य सरकारशी शिरवटा येथे १,८०० आणि भिवपुरी येथे १,००० मेगावॉटच्या उदंचन प्रकल्पांसाठी करार केला. कोल्हापूर जिल्ह्यातील पाटगावसह सह्याद्रीतील इतर अनेक स्थळे प्रस्तावित आहेत. प्रत्येक प्रकल्पाचा अहवाल स्वतंत्रपणे तपासला जाईल आणि प्रत्येकाचे नुकसान सुटे पाहता किरकोळ वाटेल. सह्याद्रीच्या जंगलपट्ट्याची एकूण हानी किती, ही बेरीज करण्याची जबाबदारी मात्र आज कोणत्याही एका संस्थेवर नाही.

बेंगळुरूमध्ये शक्ती भवनापासून मल्लेश्वरमच्या अरण्य भवनाचे अंतर काही किलोमीटरच आहे. वीज समिती, पर्यावरण मंत्रालयाचे प्रादेशिक कार्यालय आणि खाडीचा अभ्यास करणारी भारतीय विज्ञान संस्था याच शहरात आहे. सध्या त्यांची गाठ पडते ती प्रकल्पाचा आराखडा तयार झाल्यावर, एकमेकांच्या कागदांवर शेरे मारण्यासाठी. शरावतीवरील निर्णय कोणताही झाला, तरी पुढील दहा वर्षांच्या वीज आराखड्याचे काम सुरू होताना या सर्वांना प्रथमच एकत्र बोलावले जाते की नाही, यावर पश्चिम घाटातील पुढच्या खोऱ्यांचे भवितव्य ठरणार आहे.